'ऑन बिहाफ ऑफ' : शब्द कोणाचा आणि सही कोणाची?



आजचा पाठ एकाच शब्दगटाचा आहे : 'ऑन बिहाफ ऑफ'. स्नेहसंमेलनातलं स्वागत, शिक्षक दिनाचं भाषण, बँकेतला अर्ज, सरकारी पत्र, करारनामा, सगळीकडे हा शब्दगट भेटतो. मुलांना अर्थ विचारला तर ती पटकन सांगतात, 'च्या वतीने'. अर्थ बरोबर आहे. पण लिहायला बसवलं की दहापैकी निम्म्याहून जास्त वह्यांत हमखास चूक सापडते, आणि चूक तेवढ्या तीन शब्दांत नसते. पुढच्या वाक्यात कोण बोलतंय हेच हरवून जातं.

(इंग्रजी वाक्यं मुद्दाम देवनागरीत दिली आहेत. इंग्रजी वाचायची सवय नसलेल्या आईबाबांनाही ती मुलांसमोर मोठ्याने वाचता यावीत, एवढाच हेतू.)

एका अर्जाची गोष्ट

माझ्या वर्गातली नववीतली एक मुलगी आजीजवळ राहते. आजीला श्रावणबाळ योजनेचे पैसे बँकेत जमा होतात. एकदा तीन महिने पैसे काढताच आले नाहीत. आजीला लिहिता येत नाही, गुडघ्यामुळे तालुक्याला जाणंही होत नाही. शाखेतले साहेब परराज्यातले, मराठी वाचता न येणारे. म्हणून नातीने आपल्या हिमतीवर इंग्रजीत अर्ज लिहिला आणि एकटीच जाऊन देऊन आली. अर्ज असा होता :

'ऑन बिहाफ ऑफ माय ग्रँडमदर आय ॲम रायटिंग. माय मनी इज नॉट कमिंग सिन्स थ्री मंथ्स. माय थम्ब इज नॉट वर्किंग ऑन मशीन. प्लीज गिव्ह मी माय मनी.'

खाली नातीचं नाव आणि नातीची सही.

साहेबांनी मुलीच्या नावाने खातं शोधलं. ते नव्हतंच. 'तुझं खातं इथे नाही,' असं सांगून तिला परत पाठवलं. मुलगी रडवेली होऊन दुसऱ्या दिवशी माझ्याकडे आली. संध्याकाळी मी घरी गेले तेव्हा आजी म्हणाली, 'बाई, पोरीनं नीट लिवलं न्हवतं का? लिवलं तिनं, पण बोलनारी मी हाय ना!'

मंडळी, 'ऑन बिहाफ ऑफ'ची यापेक्षा चांगली व्याख्या मला कुठल्याही व्याकरणाच्या पुस्तकात मिळाली नाही. लिहिणारा एक, आणि ज्याचं म्हणणं आहे तो दुसरा. ही दोन माणसं वाचणाऱ्याला वेगवेगळी दिसली पाहिजेत. नातीच्या अर्जात पहिल्या वाक्यातला 'आय' म्हणजे नात होती आणि दुसऱ्या वाक्यातलं 'माय' म्हणजे आजी. वाचणाऱ्याने ते कसं ओळखावं?

शब्द कुठून आला?

जुन्या इंग्रजीत 'हाफ' या शब्दाला 'अर्धा' याबरोबर 'बाजू' असाही अर्थ होता. 'बाय' म्हणजे जवळ, कडेला. 'बाय' आणि 'हाफ' जोडून 'बिहाफ' तयार झाला. म्हणजे मूळ अर्थ 'अमक्याच्या बाजूने'.

आता आपल्या मराठीकडे बघा. आपण म्हणतो, 'ग्रामपंचायतीतर्फे सत्कार', 'शाळेतर्फे सहल'. हे 'तर्फे' अरबीतल्या 'तरफ' या शब्दावरून आपल्याकडे आलं, आणि 'तरफ' म्हणजेही बाजू! दोन दूरच्या भाषांनी एकाच कल्पनेवरून शब्द घडवला. हे वर्गात सांगितलं की मुलांच्या लक्षात कायमचं राहतं.

स्पेलिंगचीही अडचण इथेच सुटते. 'बिहाफ'मध्ये 'एल' लिहायचा असतो, पण उच्चारायचा नसतो. अगदी 'हाफ' आणि 'काफ'सारखाच. 'बी आणि हाफ' असं फोडून लिहायला सांगा, 'एल' विसरला जाणार नाही.

याचे अर्थ दोन

पहिला, प्रतिनिधी म्हणून : 'शी स्पोक ऑन बिहाफ ऑफ द होल क्लास.' वर्गाने तिला पुढे केलं आणि ती वर्गाचं म्हणणं बोलली.

दुसरा, कोणाच्या तरी भल्यासाठी : 'दे कलेक्टेड मनी ऑन बिहाफ ऑफ द फ्लड व्हिक्टिम्स.' इथे पूरग्रस्तांनी कोणाला नेमलेलं नाही. त्यांच्यासाठी काम झालं, एवढंच.

जुन्या अमेरिकन व्याकरणकारांनी या दुसऱ्या अर्थासाठी 'इन बिहाफ ऑफ' असं वेगळं रूप सांगितलं होतं. आपण शाळेत ब्रिटिश वळणाचं इंग्रजी शिकवतो, त्यात दोन्ही अर्थांना 'ऑन' चालतं. त्यामुळे मुलांना 'ऑन' एवढंच पक्कं करून द्यावं. औपचारिक पत्रात बहुतेक वेळा पहिलाच अर्थ लागतो.

लिहिताना लक्षात ठेवायच्या पाच गोष्टी

१. मध्ये 'द' येत नाही. 'ऑन द बिहाफ ऑफ' हे चूक. थेट 'ऑन बिहाफ ऑफ'.

२. सर्वनाम आलं की रचना बदलते. 'ऑन बिहाफ ऑफ मी' असं सहसा लिहीत नाहीत. 'ऑन माय बिहाफ', 'ऑन हर बिहाफ', 'ऑन देअर बिहाफ' असं लिहितात. माणसं अनेक असली तरी 'बिहाफ' एकवचनीच ठेवावं.

३. 'ऑफ'नंतर 'आय' नको. 'ऑन बिहाफ ऑफ माय हजबंड अँड आय' हे मोठमोठ्या समारंभांतही ऐकू येतं, पण चूकच आहे. 'ऑफ' हे शब्दयोगी अव्यय आहे, त्याच्यापुढे 'मी' हे रूप येतं. पडताळा सोपा : नवऱ्याला क्षणभर वाक्यातून बाजूला करा. 'ऑफ आय' कोणी म्हणेल का? मग नवरा असतानाही म्हणायचं नाही. 'ऑन बिहाफ ऑफ माय हजबंड अँड मी' हे बरोबर.

४. कर्ता विसरू नका. ही आपली खास मराठी चूक. आपण म्हणतो, 'शाळेच्या वतीने आपलं स्वागत.' संपलं. स्वागत कोण करतंय हे मराठीत सांगावं लागत नाही. त्याचाच साचा धरून मुलं लिहितात, 'ऑन बिहाफ ऑफ द स्कूल वेलकम्स यू.' या वाक्याला कर्ताच नाही. 'ऑन बिहाफ ऑफ द स्कूल' हा नुसता आधार आहे, त्याच्यावर बसायला माणूस हवा : 'ऑन बिहाफ ऑफ द स्कूल, आय वेलकम यू.' शब्दगट सुरुवातीला आला तर नंतर स्वल्पविराम द्यायला सांगा. त्या स्वल्पविरामापाशी मूल थांबतं आणि त्याला कर्ता आठवतो.

५. क्रियापद कर्त्याप्रमाणे. 'ऑन बिहाफ ऑफ ऑल द स्टुडंट्स, आय थँक यू.' विद्यार्थी शंभर असले तरी बोलणारी एकच आहे, म्हणून 'आय' आणि त्याला जुळणारं क्रियापद.

शेजारचे शब्दगट, आणि होणारी गल्लत

'ऑन द पार्ट ऑफ' : सगळ्यात जास्त गोंधळ इथे होतो. 'द ॲक्सिडेंट हॅपन्ड ड्यू टू नेग्लिजन्स ऑन बिहाफ ऑफ द ड्रायव्हर' असं लिहिलेलं मी पाहिलं आहे. याचा अर्थ काय होईल? चालकासाठी दुसऱ्याच कोणीतरी निष्काळजीपणा केला! निष्काळजीपणा चालकाने स्वतः केला असेल तर 'ऑन द पार्ट ऑफ द ड्रायव्हर' हवं. मराठीत विचार केला की फरक लगेच कळतो. 'चालकाकडून चूक झाली', इथे 'कडून' आहे, म्हणून 'पार्ट'. 'चालकाच्या वतीने वकील बोलले', इथे 'वतीने' आहे, म्हणून 'बिहाफ'.

'इन्स्टेड ऑफ' : म्हणजे 'ऐवजी'. 'मुख्याध्यापकांऐवजी पर्यवेक्षक सभेला गेले' आणि 'मुख्याध्यापकांच्या वतीने पर्यवेक्षक सभेत बोलले' ही दोन वेगळी वाक्यं आहेत. पहिल्यात नुसती जागा बदलली. दुसऱ्यात पर्यवेक्षकांचा शब्द मुख्याध्यापकांना बांधतो.

'इन द नेम ऑफ' : म्हणजे 'नावाने'. यात अधिकाराचं मूळ कोणाकडे आहे ते सांगितलं जातं. याबद्दल पुढे बघू.

'फॉर' : रोजच्या बोलण्यात यानेच काम भागतं. पण 'आय साइन्ड फॉर माय फादर' याचे अर्थ दोन निघतात : वडिलांच्या भल्यासाठी, की वडिलांच्या जागी? औपचारिक लिहिण्यात अशी संदिग्धता नको, म्हणून 'ऑन बिहाफ ऑफ'.

तक्ता करायचा झाला तर फळ्यावर एवढंच लिहा : कडून म्हणजे 'पार्ट', ऐवजी म्हणजे 'इन्स्टेड', नावाने म्हणजे 'नेम', वतीने म्हणजे 'बिहाफ'. मुलांनी आधी मराठीत वाक्य म्हणावं आणि मग इंग्रजी शब्दगट निवडावा.

या तीन शब्दांवर केवढा भार आहे!

मुलं विचारतात, 'एवढं काय त्यात? अर्थ तर कळतो ना?' त्यांना आपल्या संविधानाचं उदाहरण द्या.

संविधानाच्या अनुच्छेद 299 मध्ये सरकारच्या करारांबद्दल सांगितलं आहे. केंद्राचे करार राष्ट्रपतींकडून आणि राज्याचे करार राज्यपालांकडून केले जात आहेत असं त्यात नमूद व्हावं लागतं. पण प्रत्यक्ष सही राष्ट्रपती किंवा राज्यपाल करत बसत नाहीत. त्यांनी अधिकार दिलेली व्यक्ती त्यांच्या वतीने करार पूर्ण करते. त्या ठिकाणी इंग्रजी पाठात शब्द आहेत 'ऑन बिहाफ ऑफ'. त्याच अनुच्छेदात पुढे असंही आहे की अशा करारासाठी राष्ट्रपती किंवा राज्यपाल व्यक्तिशः जबाबदार नसतात, आणि त्यांच्या वतीने सही करणाराही व्यक्तिशः जबाबदार नसतो. म्हणजे सही करणाऱ्याने पेन धरलं, पण जबाबदारी सरकारवर गेली.

'इन द नेम ऑफ'चं उदाहरण तर आपल्या शिक्षकांच्या रोजच्या डोळ्यांखालचं आहे. कुठलाही शासन निर्णय काढा. शेवटी ओळ असते : 'महाराष्ट्राचे राज्यपाल यांच्या आदेशानुसार व नावाने'. खाली सही मात्र उपसचिवांची, अवर सचिवांची किंवा कार्यासन अधिकाऱ्यांची. अनुच्छेद 166 प्रमाणे राज्य सरकारची कार्यकारी कृती राज्यपालांच्या नावाने व्यक्त करायची असते, म्हणून ती ओळ. आपण ती इतक्या वेळा वाचतो की आता दिसतही नाही. पण याच ओळीमुळे ते पत्र एका अधिकाऱ्याचं मत न राहता शासनाचा निर्णय ठरतं.

खाजगी व्यवहारातही तसंच. भारतीय करार अधिनियम, 1872 च्या कलम 182 मध्ये 'एजंट' म्हणजे कोण ते सांगितलं आहे : दुसऱ्यासाठी काम करण्याकरिता किंवा इतरांशी व्यवहार करताना त्याचं प्रतिनिधित्व करण्याकरिता नेमलेली व्यक्ती. कलम 230 नुसार, वेगळं काही ठरलेलं नसेल तर, मालकाच्या वतीने केलेला करार एजंटवर व्यक्तिशः बंधनकारक नसतो. करारनाम्याच्या शेवटी 'फॉर अँड ऑन बिहाफ ऑफ' असं छापून त्यापुढे कंपनीचं नाव असतं, ते याचसाठी. साध्या पत्रात मात्र दोन्ही लिहायची गरज नाही, एक पुरे.

जाता जाता एक फसवा वापर. कायद्याच्या इंग्रजीत 'ऑथराइज्ड इन धिस बिहाफ' असं वारंवार येतं. तिथे कोणाच्याही 'वतीने' असा अर्थ नसतो. त्याचा अर्थ 'या बाबतीत प्राधिकृत केलेला'. परिपत्रक वाचताना 'इन धिस बिहाफ' दिसलं की 'याबाबत' असं वाचा, गाडी अडणार नाही.

मग आजीच्या अर्जाचं काय झालं?

मी आणि नात बसलो. मी तिला विचारलं, 'हा अर्ज तुझा की आजीचा?' ती म्हणाली, 'दोघींचा.' गडबड तिथेच होती. अर्ज एकाचाच असावा लागतो. दोन वाटा आहेत आणि दोन्ही बरोबर आहेत. फक्त त्यांची सरमिसळ करायची नाही.

पहिली वाट : नात बोलते, आजीबद्दल. तिथे 'ऑन बिहाफ ऑफ' हवं, 'आय' म्हणजे नात, आणि आजी सगळीकडे 'शी' आणि 'हर'. सही नातीची.

दुसरी वाट : आजी बोलते, नात फक्त लिहून घेते. तिथे 'आय' म्हणजे आजी. खाली आजीचा अंगठा. 'ऑन बिहाफ ऑफ'ची गरजच नाही. शेवटी एक ओळ घालावी की हा मजकूर नातीने लिहिला, अर्जदाराला वाचून आणि समजावून सांगितला. शक्य असेल तर साक्षीदाराची सही घ्यावी.

कुठली वाट कधी घ्यायची? विचारणा करायची असेल तर पहिली चालते. हक्क मागायचा असेल तर दुसरी, कारण पैसे आजीचे आहेत आणि ते मागायचा अधिकारही तिचाच.

म्हणून आधी विचारणेचं पत्र लिहिलं :

'आय ॲम रायटिंग ऑन बिहाफ ऑफ माय ग्रँडमदर, हू होल्ड्स अ सेव्हिंग्ज अकाउंट इन युअर ब्रँच. शी हॅज नॉट बीन एबल टू विथड्रॉ हर पेन्शन फॉर द लास्ट थ्री मंथ्स, ॲज द मशीन डज नॉट रीड हर थम्ब. शी कॅन नॉट ट्रॅव्हल बिकॉज ऑफ हर नी. काइंडली लेट अस नो व्हॉट शी शुड सबमिट.'

खाली नातीचं नाव, आजीशी नातं, आणि आजीचं नाव व खाते क्रमांक स्वतंत्र ओळीत.

या वेळी साहेबांनी बरोबर खातं उघडलं. केवायसीची कागदपत्रं जुनी झाली होती, ती नव्याने द्यायला सांगितली. मग दुसरा अर्ज आजीच्या तोंडून लिहिला, त्यावर आजीने अंगठा दिला, कागदपत्रं जोडली. पैसे काही लगेच दुसऱ्या दिवशी मिळाले नाहीत, पण दोन आठवड्यांत मिळाले. इंग्रजीने पैसे दिले असं मी म्हणणार नाही. पण पहिल्या अर्जाने खातंच चुकलं होतं, आणि दुसऱ्याने ते सापडलं.

सहीबद्दल मुलांशी बोला

प्रगतिपुस्तकावर बाबांची सही स्वतःच ठोकणारे महाभाग प्रत्येक वर्गात असतात. पकडलं की म्हणतात, 'बाबा घरी नव्हते, म्हणून मी त्यांच्या वतीने केली!' हा क्षण रागावून वाया घालवू नका. इथे पाठ आपोआप समोर आला आहे. त्यांना विचारा : बाबांना माहीत होतं का? त्यांनी सांगितलं होतं का? आणि सही कोणाच्या नावाची केलीस?

'वतीने' सही करणारा स्वतःचं नाव लिहितो आणि कोणाच्या वतीने ते उघड सांगतो. कार्यालयातल्या पत्रावर 'जिल्हाधिकारी करिता' असं लिहून खालचा अधिकारी स्वतःची सही करतो, जिल्हाधिकाऱ्यांच्या सहीची नक्कल करत नाही. दुसऱ्याच्या सहीची नक्कल करणं म्हणजे खोटी सही. हा फरक चौदाव्या वर्षी कळला तर पुढच्या आयुष्यात पुष्कळ त्रास वाचतो.

पालकांसाठीही एक विनंती. घाईत मुलांना 'तूच कर सही माझी' असं सांगू नका. आई घरात नसेल तर आजोबांनी स्वतःच्या नावाने सही करावी आणि पुढे नातं लिहावं. शाळेला ते चालतं.

वर्गात घ्यायचा सराव

दोघादोघांच्या जोड्या करा. एकाने तोंडी तक्रार सांगायची, दुसऱ्याने ती 'ऑन बिहाफ ऑफ' वापरून चार वाक्यांत लिहायची. मग वही तिसऱ्याकडे द्या. तिसऱ्याने प्रत्येक 'आय', 'माय', 'शी', 'हर' शब्दाखाली त्या माणसाचं नाव लिहायचं. एका जरी शब्दाखाली नाव लिहिताना तो अडला, तर पत्र पुन्हा लिहायचं. दहावीच्या पत्रलेखनासाठी हा सराव फार उपयोगी पडतो.

आता ही वाक्यं मुलांना दुरुस्त करायला द्या :

१. ऑन द बिहाफ ऑफ अवर क्लब, आय इन्व्हाइट यू.
२. इट वॉज अ मिस्टेक ऑन बिहाफ ऑफ द क्लार्क.
३. ऑन बिहाफ ऑफ द पेरेंट्स थँक्स द टीचर्स.
४. प्लीज ॲक्सेप्ट धिस गिफ्ट ऑन बिहाफ ऑफ माय सिस्टर अँड आय.

उत्तरं : पहिल्यातला 'द' काढा. दुसऱ्यात 'ऑन द पार्ट ऑफ' हवं, कारण चूक लिपिकाकडून झाली. तिसऱ्यात स्वल्पविराम आणि कर्ता घाला : 'ऑन बिहाफ ऑफ द पेरेंट्स, आय थँक द टीचर्स.' चौथ्यात दोन अडचणी आहेत. 'आय'च्या जागी 'मी' हवं, हे तर झालंच. पण आणखी बघा, 'ऑन बिहाफ ऑफ' हे 'ॲक्सेप्ट'ला चिकटून बसलंय, त्यामुळे समोरच्याने बहिणीच्या वतीने भेट स्वीकारावी असा अर्थ होतो! भेट बहिणीकडून आहे, म्हणून 'फ्रॉम माय सिस्टर अँड मी' हेच सरळ आणि बरोबर. शेवटचं उत्तर मुलांना स्वतः शोधू द्या, घाई करू नका.

ती नात आता दहावीत आहे. गल्लीतल्या दोन-तीन म्हाताऱ्या तिच्याकडे अर्ज लिहून घ्यायला येतात. लिहायला बसण्याआधी ती विचारते, 'आजी, मी तुमच्याबद्दल लिहू, की तुम्हीच बोलताय असं लिहू?'